पाच जणींचा चहा आणि एकीचं ‘मला जमणार नाही’

‘ताई, आम्ही पाच जणी शाळेपासूनच्या मैत्रिणी. मी नौपाड्यात राहते. बाकीच्या कोपरी, कळवा, ऐरोली आणि नेरुळला. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही तलावपाळीला भेटतो. कणीस खातो, टपरीवरचा कटिंग घेतो आणि आठच्या सुमारास उठतो. गेली अकरा वर्षं हे चालू आहे. नेरुळच्या मैत्रिणीला तिच्या सुनेने वाशीच्या एका मोठ्या हॉटेलात दुपारच्या चहाला नेलं होतं. तेव्हापासून तिने आपणही पाच जणी जाऊ असा धोशा लावला आहे. माणशी बाराशे रुपये सांगतात. आमचे हे म्हणाले, “तलावपाळीवर दहा रुपयांत मिळतो तो चहा. तिथे काय वेगळं पाणी उकळतात?” त्यांचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नाही. पण खरी अडचण कळव्याच्या मैत्रिणीची आहे. तिचे यजमान नाहीत, ती जेवणाचे डबे देते. हॉटेलवाले आडवारी थोडं स्वस्त देतात म्हणून आम्ही दोनदा बुधवार ठरवला. दोन्ही वेळा ती “डब्यांचं काम आहे, मला जमणार नाही, तुम्ही जाऊन या” म्हणाली. आता नेरुळची म्हणते, चौघीच जाऊ. माझ्या मनात आहे की तिचे पैसे गुपचूप मी भरावेत. आणि मला स्वतःलाही थोडी धाकधूक आहे. तिथे कसं बसायचं, काय कशाने खायचं, काही माहीत नाही. जावं का, ताई?’

– एक वाचक, वय ५९, नौपाडा, ठाणे

प्रिय मैत्रिणी,

जा. पण पाच जणी जा. आणि कळव्याच्या मैत्रिणीचे पैसे गुपचूप भरू नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एक गोष्ट तुम्ही लिहून गेलात, पण ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. अकरा वर्षं तुम्ही रविवारी संध्याकाळीच भेटता. डबे देणाऱ्या बहुतेक बायकांकडे रविवारी संध्याकाळचा डबा बंद असतो. म्हणजे तुमच्या भेटीचा वार कधीतरी तिच्या सोयीने ठरला असणार. हॉटेलचं ठरवताना मात्र दोन्ही वेळा बुधवार धरलात. बुधवारी तिचे सकाळचे डबे बारा-साडेबारापर्यंत जातात. मग रिकामे डबे परत येतात, ते घासायचे, भाजी निवडायची आणि पाचच्या ठोक्याला पुन्हा कणीक तिंबायला घ्यायची. कळवा ते ठाणे, ठाणे ते वाशी आणि तसंच परत, हे सगळं त्या तीन-चार तासांत बसवायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. तेव्हा ‘डब्यांचं काम आहे’ हे निमित्त नसून निव्वळ खरंही असू शकेल. पैशांची अडचणही असेल, कदाचित दोन्ही असेल. इथे बसून मला ते कळणार नाही. तुम्हाला कळू शकतं, कारण तुम्ही तिला परकर-पोलक्यापासून ओळखता.

गुपचूप पैसे भरण्याला माझा एवढा विरोध का, ते सांगते. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही सहा जणी अशाच एका हॉटेलात गेलो होतो. कोण किती देणार हे आधी कोणीच बोललं नव्हतं. बिल आलं आणि एकीने मोबाइलवर भागाकार करून मोठ्याने आकडा सांगितला. माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीने टेबलाखाली, मांडीवर, बटवा उघडला. चार घड्या घातलेल्या शंभराच्या नोटा होत्या. तिने त्या एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या, मग पर्सच्या आतल्या कप्प्यात सुटे चाचपायला लागली. समोरची पटकन म्हणाली, ‘अगं राहू दे, तुझे मी टाकते.’ म्हणणारीचं मन स्वच्छ होतं. पण हिचा चेहरा मी बाजूने पाहत होते. कान लाल झाले होते आणि समोरच्या कपात चहा तसाच होता. पुढे दोन वर्षं ती आमच्यात आली नाही. दर वेळी काहीतरी काम निघायचं. ती ओढगस्तीत आहे हे मला आधीपासून माहीत होतं, तरी मी आधी तोंड उघडलं नाही. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

म्हणून पैशांचं बोलणं आधी करा आणि ते तुम्हीच करा. नेरुळच्या मैत्रिणीवर सोपवू नका. तिचा उत्साह चांगला आहे, पण तिला घाई झाली आहे. आणि फोनवर बोलू नका. एखाद्या दुपारी दीड-दोनला कळव्याला तिच्या घरी जा. ती मेथी निवडत असेल तर अर्धी जुडी तुमच्यापुढे ओढा. हात कामात असले की असं बोलणं सोपं जातं, समोरासमोर डोळ्यांत बघावं लागत नाही. सरळ विचारा, ‘बुधवार नडतोय की बाराशे रुपये? मला सांग, दुसऱ्या कोणाला कळणार नाही.’ इतक्या वर्षांच्या मैत्रीत हा प्रश्न विचारता येतो. ‘वार नडतोय’ म्हणाली, तर रविवार धरा आणि विषय संपला. ‘पैसे’ म्हणाली, किंवा काहीच न बोलता मेथीची काडी मोडत राहिली, तर भिशी काढा.

आपल्या बायकांना भिशी शिकवायला नको. इथे फक्त नंबर एकीचा निघायचा नाही, शेवटच्या महिन्यात पाचही जणींचा एकदम निघायचा. हिशेब मांडून देते. बाराशेवर १८ टक्के जीएसटी धरला तर २१६ रुपये वाढतात, म्हणजे माणशी १,४१६. पाच जणींचे झाले ७,०८०. प्रत्येकीने महिन्याला २५० रुपये टाकले तर सहा महिन्यांत ७,५०० जमतात. वरचे ४२० वाढणाऱ्या मुलाला बक्षीस. तिला २५० जड जात असतील तर १५० ठेवा आणि दहा महिने थांबा. आकडा तिच्याकडून घ्या आणि बाकीच्यांना तो तुमचा म्हणून सांगा. अकरा वर्षं भेटताय, आणखी चार महिन्यांनी काय बिघडणार आहे?

आणि जमलेले पैसे तिच्याकडेच ठेवायला द्या. मी हे विचार करून सांगते आहे. रोजच्या डब्यांचा हिशेब, कोणाचे आले, कोणाचे राहिले, कोणाचे खाडे झाले, हे जिच्या वहीत चोख असतं, ती तुमच्यातली सगळ्यांत पक्की खजिनदार आहे. हॉटेलात बिल येईल ते तिच्यापुढे येऊ द्या. त्या दिवशी पैसे तिच्या हातून दिले जातील.

यातला १८ टक्क्यांचा भाग पुष्कळांना माहीत नसतो आणि बिल आल्यावर चेहरे पडतात. साध्या रेस्टॉरंटात आपण ५ टक्के जीएसटी भरतो. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये सर्वसाधारणपणे १८ टक्के लागतो. त्यामुळे फोनवर ‘बाराशे’ सांगितलं की ते करासकट की कर वेगळा, हे विचारून घ्या. सेवा शुल्क म्हणून वेगळी रक्कम लावली असेल तर ती देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या उचलून धरल्या. ‘हे काढून द्या’ एवढं शांतपणे म्हणायचं. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. वाढणाऱ्याला बक्षीस जरूर द्यावं, पण ते आपल्या हाताने, आपल्या मर्जीने.

लवकरच तुमची साठी येत असेल आणि तुम्हाला झेपत असेल, तर दुसराही एक मार्ग आहे. ‘माझ्या साठीचा चहा’ म्हणून पाचही जणींना तुम्ही बोलवा. एकीचे पैसे भरले की ती एकटी मिंधी होते. सगळ्यांचे भरले की सगळ्या पाहुण्या होतात. तरी मला भिशीच जास्त पटते. साठीचा चहा घेतला की परतफेडीचा विचार तिच्या डोक्यात घोळत राहील, आणि तिची साठीही फार लांब नसेल.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. ते म्हणतात ते चहाच्या हिशेबाने बरोबर आहे. पाणी तेच. पण तुम्ही ठाणेकर आहात, गडकरी रंगायतनला नाटक बघायला जात असाल. तिकीट काढताना ‘घरी टीव्हीवर फुकट दिसतं की’ असं त्यांनी कधी म्हटलं आहे का? तिथे अडीच तास खुर्चीत बसण्याचे आणि समोर जिवंत माणसं बघण्याचे पैसे आपण आनंदाने देतो. इथेही दोन-अडीच तास तुमचे असतात. पाच जणींनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी किती वेळा चहा टाकला असेल, याचा कधीतरी अंदाज करा. पाहुणे आले, टाका. जावई आले, पुन्हा टाका. सासऱ्यांना बिनसाखरेचा, मुलाला दुधाळ, सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यातला उरलेला गाळून आपण उभ्याने प्यायचा, तोही कोमट. कळव्याची तर रोज दोन वेळा दुसऱ्यांसाठी रांधते. तिच्यापुढे कोणीतरी किटली आणून ठेवावी, कप भरावा, रिकामी बशी उचलून न्यावी आणि तिला एकदाही उठावं लागू नये, यासाठी बाराशे रुपये मला जास्त वाटत नाहीत. दर महिन्याला जायचं म्हणालात तर मीच नको म्हणेन. तलावपाळी सोडू नका.

चार वाजताची ही भूक आपल्या ओळखीचीच आहे. इंग्लंडमध्ये दुपारच्या चहाची पद्धत साधारण १८४०च्या सुमारास रुजली आणि तिचं श्रेय बेडफर्डच्या सातव्या डचेसला, ॲना मरिया रसेल यांना देतात. दुपारी हलकं खाणं आणि रात्रीचं जेवण आठला, त्यामुळे मधल्या वेळी पोटात खड्डा पडायचा. म्हणून त्या आपल्या खोलीत चहा, पाव आणि लोणी मागवायला लागल्या, मग मैत्रिणींनाही बोलवायला लागल्या. आपण चहाबरोबर चार शंकरपाळे किंवा चिवडा तोंडात टाकतो, त्यातलाच हा प्रकार.

आपल्याकडची हॉटेलं याला ‘हाय टी’ म्हणतात. विलायतेत मात्र हाय टी हे कामकरी घरांतलं संध्याकाळचं भरपेट जेवण असे, जेवणाच्या टेबलावर बसून, थंड मांस आणि पाव-चीज वगैरे. नावाच्या या घोळामुळे आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. एका ठिकाणी ताटल्यांचा तीन मजली स्टँड टेबलावर येतो, दुसरीकडे बुफे असतो आणि त्यात समोसे, चाट, पावभाजीसुद्धा. फोनवर हे नक्की विचारा. स्टँड असेल तर तो एकीचा की दोघींचा, आणि किटली पुन्हा भरून मिळते का, तेही विचारा. मला विचाराल तर स्टँडवालं घ्या. बुफेत पाच जणी कधी एकदम टेबलावर नसतात, एक आली की दुसरी ताट घेऊन उठते, आणि गप्पांचा धागा तुटतो. बसून राहता यावं म्हणून तर चाललोय.

तुमच्या धाकधुकीसाठी स्टँडचं सांगते, म्हणजे डोळ्यांपुढे येईल. बहुतेक ठिकाणी खालच्या ताटलीत बोटभर लांबीची सँडविच असतात, काकडीची, चीजची. पावाच्या कडा कापलेल्या असतात. मधल्या ताटलीत स्कोन, वर केक आणि पेस्ट्री. खालून सुरुवात करून वर जायचं, म्हणजे तिखट-मिठाचं आधी आणि गोड शेवटी. सँडविच हातानेच खातात. स्कोन म्हणजे आपल्या खारी-नानकटाईपेक्षा मऊ आणि पावापेक्षा भुसभुशीत असा गोल तुकडा. तो मधोमध हाताने उघडायचा. नीट भाजलेला असेल तर कमरेतून आपोआप दुभंगतो आणि आतून वाफ येते. मग अर्ध्यावर जॅम आणि घट्ट साय. आधी साय की आधी जॅम यावरून विलायतेत दोन परगणे आजही भांडतात. डेव्हनवाले साय आधी लावतात, कॉर्नवॉलवाले जॅम आधी. तुम्हाला जे आवडेल ते करा, ठाण्याचा अजून काही नियम नाही.

रुमाल मांडीवर घ्यायचा. ढवळून झालं की चमचा बशीत ठेवायचा, कपात उभा ठेवायचा नाही. झालं, यापलीकडे फार काही नाही. करंगळी वर करायची काही गरज नाही. बशीत ओतून प्यायची सवय असेल तर तिथे कपानेच प्या, पण त्या सवयीची लाज वाटू देऊ नका. अठराव्या शतकात खुद्द इंग्लंडमध्ये लोक चहा बशीत ओतून पीत.

चहा कोणता, असं विचारतील तेव्हा गोंधळू नका. दूध घालून प्यायचा असेल तर आसाम मागा, त्याची चव दुधातही टिकते. दार्जिलिंग मागवलात तर पहिला घोट दूध-साखर न घालता घ्या. त्याची चव नाजूक असते, दुधात हरवते. तीन-चार मिनिटांत ओतून घ्या, पत्ती किटलीत जास्त वेळ राहिली की कडवट होतो. अर्ल ग्रेला बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाचा वास असतो, गवती चहाची सवय असणाऱ्यांना तो पुष्कळदा आवडून जातो. आणि आल्याचा मसाला चहाच हवा असेल तर तोच मागा. बहुतेक ठिकाणी मिळतो, आणि तो मागितला म्हणून तिथे कोणी आपल्याला कमी लेखत नाही. पाच जणींनी पाच वेगवेगळ्या किटल्या मागवल्या तर सगळ्यांना सगळ्यांची चव बघता येते, हा माझा आवडता प्रकार आहे.

कोणी अंडं खात नसेल तर ते बुकिंगच्या वेळीच सांगा. केक-पेस्ट्रीत ते हमखास असतं, स्कोनवर चकाकी यावी म्हणूनही कधी लावलेलं असतं. टेबलावर बसल्यावर सांगून त्यांनाही बदल करता येत नाही. कोणाला साखरेचा त्रास असेल तर तिने दुपारचं जेवण टाळून येऊ नये. गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरू शकते. थोडं जेवून या आणि वरच्या ताटलीतलं एकच काहीतरी निवडून चवीने खा. तारीख धरण्याआधी चतुर्थी-एकादशी बघून घ्या, म्हणजे ऐन वेळी कोणी साबुदाणा शोधत बसणार नाही.

रविवार धरलात की दोन गोष्टी बघाव्या लागतील. एक, रविवारी गर्दी असते, त्यामुळे आठवडाभर आधी टेबल सांगून ठेवा आणि रविवारचा दर वेगळा आहे का ते विचारा. असेल तर भिशीचा आकडा तेवढा वाढवा. दुसरं म्हणजे मेगाब्लॉक. आदल्या दिवशीच्या पेपरात बघा. ठाणे-वाशीच्या ट्रान्स-हार्बर लोकल मार्गावर ब्लॉक नसेल तर दोनच्या सुमारास तुम्ही, कोपरीची आणि कळव्याची ठाण्याहून वाशीची गाडी पकडा. ऐरोलीची मधे चढेल. नेरुळची उलट बाजूने येईल. रविवारी दुपारी डब्यात बसायला जागा मिळते, आणि खरं तर गप्पा तिथूनच सुरू होतात. साड्या नेहमीच्या लग्नाकार्याला नेसता त्यातल्याच, पण सुती असतील तर जास्त बरं, वातानुकूलित खोलीतून बाहेर आल्यावर वाशीचा दमटपणा अंगावर येतो.

तीनची वेळ घ्या. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळची अजून लोटलेली नसते. खिडकीजवळचं गोल टेबल मागा. लांब टेबलावर टोकाची एकटी पडते, आणि टोकाला बहुतेक वेळा कमी बोलणारीच जाऊन बसते.

एक काम मात्र हॉटेलचं नाव ठरण्याआधी करायचं आहे. नेरुळच्या मैत्रिणीला आजच फोन करून सांगा की बुधवार रद्द, चौघींचं ठरवू नकोस. कारण विचारलं तर ‘रविवार सगळ्यांना सोयीचा आहे’ एवढंच म्हणा. मग मधल्या वारी एकदा कळव्याला जाऊन या, जाताना मेथीची एक जुडी घेऊन जा. तिने सांगितलेला आकडा घेऊन येत्या रविवारी तलावपाळीला भिशीचा पहिला हप्ता गोळा करा, आणि पाकीट तिच्या पिशवीत टाका.

तुमची,
ताई